जोडसायकलीचे दोन शब्द

मित्रांनो, मी एक जुनी जोडसायकल आहे आणि मला आज फार घाई आहे. सायकलवाला चहा प्यायला आत गेला आहे. त्याची करवत समोरच्या भिंतीला टेकून उभी आहे. जाता जाता त्याने माझ्या मधल्या दांड्यावर खडूने एक रेघ मारून ठेवली. चहा संपला की त्या रेघेवरून तो मला कापणार.

मला कापलं जाण्याची भीती वाटत नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. दाराशी एक ट्रंक बांधून ठेवली आहे. ती ठकीची आहे. संध्याकाळच्या गाडीने ठकी हे घर सोडून निघाली आहे, कायमची, आणि ती ज्या कारणासाठी निघाली आहे ते कारणच मुळात खरं नाही. हे मला माहीत आहे. या घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नाही. आणि मला तोंड नाही हो! एक घंटी होती, ती गंजून कधीच मुकी झाली. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तरी ऐका.

जोडसायकल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दोन माणसं एकामागे एक बसतात ती जोडसायकल. सीट दोन, पायडलांच्या जोड्या दोन. पुढचा माणूस हँडल वळवतो, रस्ता बघतो. मागच्याचं हँडल घट्ट बसवलेलं असतं, त्याने फक्त धरायचं आणि पाय मारायचे. दोघांची पायडलं एकाच चेनने बांधलेली असतात. एकाने पाय मारले की दुसऱ्याचे आपोआप फिरतात. एक दमला की दुसऱ्याला न बोलता कळतं.

मला कुठल्या कारखान्याने बनवलं नाही. मला दादाने बनवलं. दादा वेल्डर. फाटकं, खिडक्यांचे गज, जिन्यांचे कठडे हे त्याचं काम. ठकी ही त्याची धाकटी बहीण. तिला जन्मापासून दिसत नाही. लहानपणी दादा तिला सायकलच्या दांडीवर बसवून समुद्राच्या रस्त्याने हिंडवायचा. पुढे ती मोठी झाली, इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर नोकरीला लागली, आणि एके दिवशी तिने बजावलं की यापुढे ओझं होऊन बसणार नाही, मलाही पाय मारायचे आहेत. झालं! दादाने एक बायकांची सायकल आणली, एक शर्यतीची मोडकी सायकल आणली, दोन्ही कापल्या आणि जोडून मला उभी केली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, हातातलं शिवण टाकून बाहेर आली आणि मला बघून म्हणाली, "हे काय, शिडीला चाकं लावलीत?" पुढची कितीतरी वर्षं शेजारीपाजारी मला शिडीच म्हणत. मी कधी रागावले नाही. आज कुणी शिडी म्हटलं असतं तरी मला भरून आलं असतं.

आता माझ्यातली खरी गोम ऐका. आमचा समुद्राचा रस्ता सपाट नाही. डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि रस्ता त्यांच्या कमरेवरून गेलेला, चढ, उतार, वळण, पुन्हा चढ. दोन माणसांचं वजन घेऊन मी उतारावर सुटले की पुढचे साधे ब्रेक तापून जायचे. म्हणून दादाने माझ्या मागच्या चाकाच्या पोटात स्कूटरसारखा एक दणकट ब्रेक बसवला. त्याची मूठ त्याने स्वतःकडे ठेवली नाही. ती ठकीच्या हाताशी दिली. डोळे दादाचे आणि ब्रेक ठकीचा, असा हा कारभार. त्यासाठी त्यांच्यात दोन शब्द ठरले. दादा म्हणाला "धर" की ठकीने ब्रेक आवळायचा. "सोड" म्हणाला की सोडायचा. आणि नियम एकच, पण कडक: शब्द आल्याशिवाय काही करायचं नाही.

हा नियम उगाच नव्हता. दीपगृहाच्या टेकडीवरून उतरताना तिसऱ्या वळणावर समुद्राचा वारा रस्त्यावर वाळू आणून टाकतो. वाळूवर ब्रेक धरून ठेवला तर मागचं चाक अडतं, घसरतं, आणि डावीकडे खाली नुसते खडक आणि लाटा. म्हणून उताराच्या माथ्यावर "धर", वाळूच्या वळणावर "सोड", वाळू संपली की पुन्हा "धर". ठकीने हे असं अंगात मुरवून घेतलं होतं की दादाच्या तोंडातून शब्द पुरता बाहेर पडायच्या आत तिची बोटं हललेली असायची.

काय दिवस होते ते! सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं निघत. वहिनी दारातून डबा द्यायची आणि म्हणायची, जा भावंडांनो, समुद्राला माझा नमस्कार सांगा, मला इथे काजं करायला बसायचं आहे. फाटकातून डावीकडे, मग सुरूच्या झाडांचा रस्ता, मग फळ्यांचा पूल. पूल आला की मी अशी खडखडायचे की ठकी हसत सुटायची. मग दीपगृहाचा मोठा चढ, त्याला दोघं छातीचा चढ म्हणत, कारण तिथे बोलणं बंद व्हायचं आणि नुसते श्वास ऐकू यायचे. माथ्यावर पोचले की ठकी विचारायची, दादा, समुद्र कसा दिसतो? दादाला वर्णन करायची अक्कल बेताची. तो म्हणायचा, नवा पत्रा अंथरल्यासारखा. आणि सूर्य? आत्ताच भट्टीतून काढल्यासारखा. आणि ढग? दादा पुष्कळ विचार करून सांगायचा, गंजलेत जरा. ठकी म्हणायची, तुझं सगळं जग लोखंडाचंच मेलं. पण दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसून ती मैत्रिणींना सांगायची की काल समुद्र नव्या पत्र्यासारखा होता.

एकदा त्या रस्त्यावर मोठी सायकल-फेरी निघाली. चकचकीत कपड्यांतली माणसं, बोटावर उचलता येतील अशा हलक्या सायकली. मला बघून त्यांच्यात हशा पिकला. चढावर ते सगळे आमच्या पुढे गेले, ते कबूल. पण उतार लागला आणि दोन माणसांचं वजन कामाला आलं. आम्ही त्यांच्यामधून सूं करून निघालो. "धर", "सोड", "धर", दादाचा आवाज आणि ठकीची बोटं, कुठे म्हणून चूक नाही. खाली नळापाशी त्यातला एक जण येऊन ठकीला म्हणाला, तुमचा ब्रेकवरचा हात फार सुरेख आहे. ठकी दिवसभर तो हात मांडीवर ठेवून बसली होती. माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच, आणि तेही तिचं. पण मी ते जपून ठेवलं आहे.

आणि मग तो दिवस आला. मित्रांनो, तो दिवस मी रोज आठवते, दुसरं काही आठवायला मिळतच नाही.

सकाळी सगळं ठीक होतं. चढावर दादा जरा जास्त धापा टाकत होता, एवढंच. माथ्यावर ठकीने समुद्राचं विचारलं तर तो काहीतरी अर्धवट बोलला आणि हसला. उतार सुरू झाला. "धर." तिने धरला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या वळणावर वाळू दिसली. "सोड." तिने सोडला. वाळू गेली. आता "धर" यायला हवं होतं.

ते आलंच नाही.

दादाच्या मेंदूत त्याच क्षणी रक्ताची गाठ अडकली होती. उजवा हात हँडलावरून गळून पडला. जीभ हलेना. ठकी मागे वाट बघत होती. मी वेग घेत होते. तिने एक श्वास घेतला, दुसरा घेतला. किती वर्षांचा नियम तो, शब्द आल्याशिवाय काही करायचं नाही! तेवढ्यात दादाचा उजवा पाय पायडलावरून निसटला आणि चेन ओढली जाऊन ठकीच्या पायाखालचं पायडल भलतंच फिरलं. ते तिला कळलं. आणि मग तिने ब्रेक आवळला. कुणी न सांगता, जन्मात पहिल्यांदा. असा आवळला की माझ्या चाकाच्या पोटातून जळका वास सुटला. दादाने डाव्या हाताने, होती नव्हती ती ताकद लावून, हँडल डोंगराच्या बाजूला ढकललं. आम्ही रस्ता ओलांडून मातीच्या भिंतीवर आदळलो. समुद्रात गेलो नाही. तिने ब्रेक धरला नसता तर पुढचं वळण घेताच आलं नसतं, थेट खडकांवर गेलो असतो. मला वजन कळतं, वेग कळतो. मी शपथेवर सांगते.

पण ठकी तसं मोजत नाही. ती फक्त ते दोन श्वास मोजते.

दादा इस्पितळातून घरी आला तेव्हा त्याची उजवी बाजू लुळी पडली होती आणि सगळी वाचा जाऊन एकच शब्द उरला होता. "सोड." पाणी हवं असलं तरी "सोड". दुखलं तरी "सोड". खिडकी उघडली, ऊन आलं, बरं वाटलं, तरीही "सोड". डॉक्टर म्हणाले, असं होतं, शेवटचा शब्द कधीकधी अडकून बसतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. डॉक्टर सांगून मोकळे झाले. घरातल्यांना त्या शब्दाबरोबर राहायचं होतं. वहिनीला वाटायचं, हे मला म्हणतात, सोड आता, मला जाऊ दे. ती शिवणयंत्रावर बसून डोळे पुसायची. आणि ठकीला वाटायचं की दादा दिवसातून शंभर वेळा तिला एकच बोल लावतो आहे, तू सोडलास, तू सोडलास.

एकदा पत्र्याच्या शेडच्या दारात, मला अडगळीत ढकलता ढकलता, वहिनीच्या तोंडून गेलं. मी तिथेच होते. ती म्हणाली, "वन्सं, ब्रेक तर तुमच्या हातात होता."

ठकी म्हणाली, "हो, होता."

बस्स. त्यापुढे कुणी काही बोललं नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनी वाईट नाही हो, रात्रंदिवस नवऱ्याचं करून तिच्या जिवाचं पाणी झालं होतं. पण शब्द लागायचा तो लागला. ठकी दादाच्या खोलीत जाईनाशी झाली. दोघी एका घरात राहून फक्त औषधाच्या वेळेपुरत्या बोलत. मी शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून राहिले. टायर बसले, चेन गंजली, हँडल वाकडं ते वाकडंच. कोळ्याने माझ्या दोन सीटांमध्ये जाळं विणलं. मी रडले असते तर गंज तेवढा वाढला असता.

परवा ठकीने सांगितलं की तिने नोकरदार बायकांच्या वसतिगृहात खोली घेतली आहे. वहिनी म्हणाली, जायच्या आधी त्या सायकलचं काहीतरी करू, मला ती डोळ्यांसमोर नको. सायकलवाला आला, मला उलटीसुलटी बघून म्हणाला, जोडसायकल कोण घेणार, कापली तर सुट्या भागांचा तरी उपयोग होईल. आणि ठकीच म्हणाली, कापा. माझी ठकी! तिच्याच तोंडचा शब्द तो.

थांबा. पावलं वाजली. तो आला.

मित्रांनो, मी अजून आहे. पुढचं नीट सांगते, आता घाई नाही.

सायकलवाल्याने मला अंगणात आणून स्टँडवर चढवलं, मागचं चाक अधांतरी. खिडकीत दादा खुर्चीवर बसलेला, वहिनी त्याच्या शेजारी उभी. सायकलवाल्याने करवत उचलली तेव्हा ठकी पुढे आली आणि म्हणाली, एकदा बसू द्या मला, शेवटचं. तो बाजूला झाला. ती चाचपत माझ्या मागच्या सीटवर बसली. ब्रेकच्या मुठीवर बोटं ठेवली. पायाने पायडल शोधलं. आणि पाय मारायला लागली. गंजलेली चेन कुरकुरली, पुढची पायडलं रिकामीच फिरू लागली.

मग ती बोलायला लागली. पुढे बसून दादा जसा बोलायचा तशी.

"फाटक. डावीकडे. सुरूची झाडं आली. खड्डा आहे, जपून. पूल." पुलावर तिने पाय जोरात मारले, मी खडखडले. सायकलवाला करवत हातात धरून तसाच उभा. "चढ. छातीचा चढ." ती खरोखर धापा टाकत होती. "माथा. समुद्र पत्र्यासारखा. सूर्य भट्टीतला." तिचा आवाज फुटला, पण थांबली नाही. "उतार. धर." तिने स्वतःच म्हटलं, स्वतःच ब्रेक आवळला, चाक मंदावलं. "पहिलं वळण. दुसरं वळण."

इतका वेळ दादाने एक अक्षर काढलं नव्हतं. जो माणूस एरवी दिवसभर तो एकच शब्द बोलत असतो, तो चिडीचूप ऐकत होता. ठकीने तिसऱ्या वळणाचं नाव घेण्यासाठी तोंड उघडलं, आणि खिडकीतून आवाज आला.

"सोड."

ठकीची बोटं आपोआप सुटली. चाक भरारा फिरू लागलं. तो शब्द बोल लावायला आला नव्हता. तो आपल्या जागेवर आला होता, वाळूच्या वळणावर, जिथे तो नेहमी यायचा.

चाक फिरत राहिलं. वाळू संपली असणार. ठकी थांबली, वाट बघत, त्या दिवशीसारखीच. एक श्वास. दुसरा श्वास. खिडकीतून काहीच आलं नाही. मला वाटलं, संपलं, आता ही उतरणार आणि निघून जाणार. अरे, कुणीतरी बोला! मी ओरडत होते, पण माझं ओरडणं म्हणजे चेनची कुरकुर.

ठकीला दिसत नाही. खिडकीत काय चाललं होतं ते वहिनीला दिसत होतं. दादाचं तोंड उघडलेलं, मानेच्या शिरा ताठलेल्या, शब्द काही केल्या बाहेर पडत नव्हता. आणि त्याचा डावा हात हवेत पुढे आला होता. त्या हाताची मूठ वळलेली. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

वहिनीने त्या मुठीकडे बघितलं. मग फिरणाऱ्या चाकाकडे. मग ठकीच्या तोंडाकडे. लग्न होऊन आल्यापासून ती नणंदेला अहो-जाहो करते, एकदाही चुकली नाही. ती खिडकीचे गज धरून म्हणाली,

"धर."

ठकीने ब्रेक आवळला. चाक जागच्या जागी थांबलं.

ठकीने हळूच विचारलं, "वहिनी, तुम्ही का म्हणालात?"

"ह्यांना म्हणता येईना. मूठ वळलीय ह्यांनी," वहिनी म्हणाली. "तुम्ही सोडलात तेव्हापासून वळलीय, वन्सं. कधीची वळलीय."

ठकी सीटवरच वाकली आणि माझ्या मागच्या हँडलावर डोकं टेकून रडायला लागली. म्हणजे तेव्हाही त्याला म्हणायचं होतं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्याला म्हणायचं होतं, पण आलं नाही. वहिनी अनवाणीच धावत अंगणात आली आणि तिने ठकीला मिठी मारली, आणि दोघी मला धरून इतक्या रडल्या की स्टँड कलंडायची वेळ आली. खिडकीतून दादा म्हणाला, "सोड." यावेळी सायकलवालासुद्धा हसला आणि त्याने डोळे पुसले. करवत पिशवीत घालून तो निघाला. मग फाटकातून परत आला आणि म्हणाला, हँडल सरळ करून देईन, नंतर पाठवा.

ट्रंक अजून दाराशीच आहे. ठकीने ती उघडलेली नाही, पण गाडीही केव्हाच निघून गेली. दादा बरा होईल का, मी पुन्हा त्या रस्त्यावर जाईन का, मला माहीत नाही. बहुतेक नाही. माझ्या पुढच्या चाकाची रिम वाकली आहे, दादाचा पाय लुळा आहे, आणि खोटी आशा लावून घ्यायचं माझं वय राहिलं नाही. माझ्या दांड्यावरची खडूची रेघही अजून कुणी पुसलेली नाही.

मित्रांनो, मी तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरात एखादी जुनी सायकल असेल तर तिला तेल घाला, पावसात ठेवू नका, ते तर आलंच. पण जोडीने चालताना पुढच्याचा शब्द एकाएकी थांबला, तर नियम आठवत बसू नका. त्याला म्हणायचं असेल आणि म्हणता येत नसेल. तुम्हीच धरा. आणि दोन श्वास उशीर झालाच, तर त्या दोन श्वासांपायी कुणाला घराबाहेर जाऊ देऊ नका.

आत्ता वहिनी शिवणयंत्राच्या तेलाची छोटी डबी घेऊन आली आहे. एवढंसं तेल गंजलेल्या चेनला पुरत नाही हे तिला कोण सांगणार! चेन सोडून तिने ते घंटीत घातलं, आणि आता अंगठ्याने दाबून बघते आहे, वाजते का.

वाजली. फारशी नाही, पण खिडकीतल्या माणसाने मान वळवली, एवढी वाजली.